‘बॅम बॅम’ कोणाचं? सिस्टर नॅन्सी आणि जमैकाच्या डान्सहॉलचा हिशेब

आजचा विषय ऐकून तुमच्यातल्या काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. इतिहासाची व्याख्यानं ऐकायला आलो आणि हे डान्सहॉल काय मधेच? पण इतिहास फक्त राजांचा आणि तहांचा नसतो, हे आपण या मालिकेत वारंवार बोललो आहोत. एखाद्या गाण्याचाही इतिहास असतो, आणि कधीकधी एका साडेतीन मिनिटांच्या गाण्यात गुलामगिरीनंतरचा समाज, वसाहतीचा कायदा, स्त्रीचं स्थान आणि पैशाचा व्यवहार हे सगळं एकत्र सापडतं. आज आपण तसंच एक गाणं घेणार आहोत. गाण्याचं नाव ‘बॅम बॅम’, साल 1982, आणि गाणारी सिस्टर नॅन्सी.

आजचा प्रश्न साधा आहे: हे गाणं कोणाचं? प्रश्न साधा, पण उत्तर शोधायला आपल्याला बराच फिरून यावं लागेल.

आधी ठिकाण समजून घेऊ. जमैका हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. क्षेत्रफळ सुमारे 11 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही लहान. आधी स्पॅनिश, मग 1655 पासून इंग्रज. उसाचे मळे, आफ्रिकेतून आणलेले गुलाम. 1830 च्या दशकात गुलामगिरी संपली, तेव्हा मळेवाल्यांना मजूर हवे झाले, म्हणून 1845 पासून हिंदुस्थानातून करारावरचे मजूर जहाजांनी तिकडे गेले. 1917 पर्यंत सुमारे 36 हजार लोक गेले. त्यातले बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारकडचे. ‘गांजा’ हा आपला शब्द जमैकाच्या बोलीत आणि रेगेच्या गाण्यांत पक्का बसला, तो त्यांच्याबरोबर गेलेला. आणि आज आपण ज्या डान्सहॉलबद्दल बोलतोय, त्यातला एक मोठा कलावंत, सुपर कॅट, म्हणजे विल्यम मरा, हा भारतीय आणि आफ्रिकी अशा दोन्ही वंशांचा वारसा सांगणारा. असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

6 ऑगस्ट 1962 ला जमैका स्वतंत्र झालं. त्याच वर्षीच्या 2 जानेवारीला किंग्स्टनमध्ये ऑफ्लिन रसेल नावाची मुलगी जन्मली. पंधरा भावंडांचं घर. पापीन या भागात ती वाढली. हीच पुढची सिस्टर नॅन्सी. म्हणजे बघा, देश आणि ही मुलगी एकाच वयाची. देशाच्या नव्या कायद्यांनी तिच्यासाठी काय केलं आणि काय केलं नाही, हे पुढे आपल्याला मोजायचं आहे.

भिंतीएवढे स्पीकर आणि माईकवरचा माणूस

आता डान्सहॉल म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे डीजे म्हटलं की मिरवणुकीतली ‘डॉल्बी’ची भिंत डोळ्यांसमोर येते. जमैकात ती भिंत 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून उभी आहे. तिला म्हणतात साउंड सिस्टीम. किंग्स्टनच्या गरीब वस्तीतल्या माणसाला हॉटेलातला वाद्यवृंद परवडत नसे, घरी रेकॉर्ड प्लेअर नसे. मग कोणीतरी मोठे स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि अमेरिकेहून आणलेल्या तबकड्या घेऊन मोकळ्या अंगणात नाच भरवायचा. दाराशी तिकीट, आत बिअर. टॉम द ग्रेट सेबॅस्टियन, ड्यूक रीड, कॉक्सन डॉड ही त्यातली जुनी बडी नावं. यातले ड्यूक रीड आधी पोलिसात होते, पुढे त्यांनी आणि डॉड यांनी स्वतःचे स्टुडिओ काढले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, नाहीतर पुढे गोंधळ होईल. जमैकात तबकडी लावणाऱ्याला ‘सिलेक्टर’ म्हणतात. ‘डीजे’ म्हणजे माईक हातात घेऊन त्या संगीतावर तालात बोलणारा, यमकं जुळवणारा, गर्दीला चिडवणारा, हसवणारा. दोन साउंड सिस्टीम समोरासमोर आल्या की जुगलबंदी व्हायची. आपल्या कलगी-तुऱ्याच्या सामन्यात जशी समोरच्या फडाला निरुत्तर करण्याची ईर्षा असते, तशीच. 1970 मध्ये यू-रॉय या डीजेच्या तबकड्या ड्यूक रीडनी काढल्या आणि त्या जमैकाच्या यादीत पार वरती गेल्या. अंगणातला बोलणारा माणूस तबकडीवर आला, तो तेव्हापासून.

आणि तो कशावर बोलायचा? हा फार महत्त्वाचा मुद्दा आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस तबकडीच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याचं गायनाशिवायचं रूप छापायची पद्धत पडली. त्याला म्हणायचे ‘व्हर्जन’. म्हणजे गायकाचा आवाज काढला, उरला बास आणि ड्रमचा सांगाडा. या सांगाड्याला जमैकात ‘रिदिम’ म्हणतात. एकच रिदिम, त्यावर दहा डीजे, पन्नास गायक, प्रत्येकाचे शब्द वेगळे. 1978 च्या फेब्रुवारीत अल्थिया आणि डोना या दोन किशोरवयीन मुलींचं ‘अपटाऊन टॉप रँकिंग’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याखालचा रिदिम होता अल्टन एलिस यांच्या 1960 च्या दशकातल्या गाण्याचा. लोकांना यात चोरी वाटत नसे. आपल्याकडे एकाच चालीवर वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या ओव्या म्हटल्या जातात, तेव्हा कोण विचारतं चाल कोणाची?

फरक एवढाच की ओवीची तबकडी निघत नव्हती. जमैकात निघत होती, आणि विकली जात होती.

1980 चं साल

आता काळ. 1970 चं दशक जमैकात पंतप्रधान मायकेल मॅन्ली यांच्या समाजवादी प्रयोगाचं दशक. त्यांच्यासमोर एडवर्ड सियागा. गंमत म्हणजे हे सियागा राजकारणात येण्याआधी संगीत क्षेत्रात होते, रेकॉर्ड कंपनी चालवत होते. दोन पक्षांनी किंग्स्टनच्या वस्त्या वाटून घेतल्या, हातात बंदुका आल्या, आणि ऑक्टोबर 1980 च्या निवडणुकीच्या वर्षात आठशेहून जास्त माणसं मारली गेली. बेटाची लोकसंख्या तेव्हा वीस-बावीस लाख. प्रमाण तुम्हीच काढा. सियागा जिंकले. 11 मे 1981 ला बॉब मार्ली गेले.

मार्लींचं रेगे जगाला उद्देशून बोलत होतं, मुक्तीबद्दल, आफ्रिकेबद्दल. त्यांच्यानंतर किंग्स्टनच्या अंगणात जे वर आलं ते डान्सहॉल. ते परदेशी श्रोत्याकडे बघत नव्हतं, समोर नाचणाऱ्या माणसाकडे बघत होतं. विषय रोजचे: भाडं, पोलीस, बस, प्रेम, आणि बरेचदा उघडीवाघडी लैंगिक चेष्टा. या चावट शैलीला तिकडे ‘स्लॅकनेस’ म्हणतात. मध्यमवर्गानं नाकं मुरडली. रेगेचा ऱ्हास झाला असं पुष्कळांनी लिहिलं. आम्हाला ते मत एकांगी वाटतं. शहरातल्या गरीब माणसाला, आठशे मुडदे पाहिल्यानंतर, दर वेळी मुक्तीचंच गाणं ऐकावंसं वाटेल असं कसं म्हणायचं?

या अंगणात माईक जवळजवळ नेहमी पुरुषाच्या हातात असे. स्त्रिया नाचायला येत, तिकिटावर असत, खाद्यपदार्थ विकत. माईकवर क्वचित. नॅन्सी तिथे पोचली ती भावामुळे. तिचा थोरला भाऊ ब्रिगेडियर जेरी हा त्या काळातला नावाजलेला डीजे, जालव्ह म्युझिक या साउंड सिस्टीमवर असायचा. ही सिस्टीम रस्ताफारी पंथातल्या ‘ट्वेल्व ट्राइब्स ऑफ इस्रायल’ या शाखेशी जोडलेली. जेरीची ख्याती होती ती स्वच्छ, विचारी शब्दांची. धाकट्या बहिणीनं तोच वळसा घेतला. किशोरवयातच ती माईक धरू लागली, आणि ‘स्लॅकनेस’च्या भर बाजारात ती चावट बोलायला तयार नव्हती. बाईनं माईक घेतला तर तिनं अंगावरच बोलावं ही अपेक्षा तेव्हाही होती, आजही आहे. नॅन्सीनं ती पुरी केली नाही.

तिला स्टुडिओपर्यंत नेण्यात जनरल एको या डीजेचा हात होता. आता योगायोग बघा, एको हे ‘स्लॅकनेस’चे बादशहा! पण त्यांनी या मुलीतलं पाणी ओळखलं. 1980 मध्ये ‘पापा डीन’ ही तिची पहिली तबकडी निघाली, निर्माते विन्स्टन रायली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जनरल एको किंग्स्टनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, त्यांच्या साउंडमधल्या आणखी दोघांसह. निवडणूक संपली होती, बंदुका संपल्या नव्हत्या.

एका गाण्याचे चार थर

1982 मध्ये रायली यांच्या टेक्निक्स या लेबलवर नॅन्सीचा ‘वन टू’ हा अल्बम आला. त्यातल्या गाण्यांची नावंच पाहिली तरी बाईचा बाणा कळतो. एकाचा अर्थ होतो, सिस्टर नॅन्सीची परीक्षा घेणं कुठल्याही पुरुषाचं काम नाही. दुसऱ्याचा, पदवी मिळवलेली एकटी स्त्री डीजे. तिसऱ्यात ती पोरांना शाळेत जा म्हणून सांगते. आणि याच अल्बमची भरती पुरी करायला, शेवटी शेवटी, आणखी एक गाणं हवं होतं. ते झालं ‘बॅम बॅम’. गाण्यात ती स्वतःची ओळख, आपलं बाई असणं आणि माईकवरचं आपलं काम यांविषयी बोलते. बोलण्यात आव नाही, चिडचिड नाही. जणू मान वर करून उभी आहे.

आता आपण इतिहासकाराचं काम करू. या गाण्याचे थर एकेक करून उचलून बघू.

पहिला थर, तळाचा. ज्या रिदिमवर ती बोलते त्याचं नाव ‘स्टॅलाग’. हे मूळ वाद्यसंगीत 1970 च्या दशकाच्या सुरुवातीचं, ऑर्गनवादक अ‍ॅन्सेल कॉलिन्स यांचं. नाव आलं युद्धकैद्यांच्या छावणीवरच्या ‘स्टॅलाग 17’ या 1953 च्या हॉलीवूडच्या चित्रपटावरून. म्हणजे जर्मन शब्द, अमेरिकन चित्रपट, जमैकन संगीत. या रिदिमवर पुढे कितीतरी गाणी झाली. 1985 मधलं टेनर सॉ यांचं ‘रिंग द अलार्म’ त्यातलं सर्वांत गाजलेलं.

दुसरा थर, धृपदाचा. ‘बॅम बॅम’ हे शब्द आणि त्यांची ती गुणगुणायला लावणारी चाल नॅन्सीची नाही. 1966 मध्ये जमैकात स्वातंत्र्यदिनाच्या महोत्सवासाठी लोकप्रिय गीतांची पहिली स्पर्धा झाली. ती जिंकली टूट्स हिबर्ट आणि त्यांच्या मेटल्स या गटानं. गाण्याचं नाव ‘बॅम बॅम’. सोळा वर्षांनी नॅन्सीनं तिथून धृपद उचललं. त्याच सुमाराला यलोमन या डीजेनंही त्याच नावाचं गाणं केलं होतं. म्हणजे धृपद हवेतच होतं.

तिसरा थर, निर्मात्याचा. विन्स्टन रायली हे 1960 च्या दशकातल्या ‘द टेक्निक्स’ या गायकगटाच्या संस्थापकांपैकी. पुढे निर्माते झाले. त्यांनी काढलेलं डेव्ह आणि अ‍ॅन्सेल कॉलिन्स यांचं ‘डबल बॅरल’ 1971 मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. ‘स्टॅलाग’ही त्यांचीच निर्मिती. स्टुडिओचं भाडं, वादकांची मजुरी, टेप, छपाई, वितरण, सगळा खर्च त्यांचा आणि सगळा धोकाही त्यांचाच.

चौथा थर, नॅन्सीचा. तिचे शब्द, तिचा आवाज, ती उभी राहण्याची ढब.

आता विचारा, गाणं कोणाचं?

त्या काळी किंग्स्टनमध्ये या प्रश्नाला व्यवहारात एकच उत्तर होतं: निर्मात्याचं. डीजेला त्या दिवसाचे रोख पैसे मिळायचे, कधी तेही नाही. लेखी करार बहुधा नसायचाच. पुढे तबकडी हजारांनी खपली तरी डीजेच्या हाती यायचं नाव आणि कार्यक्रमांची आमंत्रणं. नॅन्सीनं पुढे अनेकदा सांगितलंय की ‘बॅम बॅम’साठी तिला वर्षानुवर्षं एक पैसाही मिळाला नव्हता.

लंडनहून आलेला जुना कायदा

इथे बरेच जण म्हणतात, ‘जमैकात कॉपीराइटचा कायदाच नव्हता.’ हे खरं नाही. कायदा होता, फक्त तो ब्रिटनचा 1911 सालचा होता, साम्राज्यातल्या वसाहतींना लावलेला. हाच कायदा थोडे फेरफार करून 1914 मध्ये हिंदुस्थानात आला. आपण 1957 मध्ये त्याच्या जागी स्वतःचा कायदा केला. ब्रिटननं स्वतः 1956 मध्ये तो बदलला. जमैकात मात्र नवा कायदा यायला 1993 उजाडलं. म्हणजे स्का, रॉकस्टेडी, रेगे, डब आणि डान्सहॉल, जमैकाच्या संगीताचा सारा सुवर्णकाळ हा ग्रामोफोनच्या बाल्यावस्थेत लिहिलेल्या कायद्याखाली गेला.

त्या 1911 च्या कायद्यात काय होतं? ध्वनिमुद्रणाचा कर्ता कोण, तर ज्याच्या मालकीची मूळ प्लेट असेल तो. प्लेट ज्याची, हक्क त्याचा. गाणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही. शब्द आणि चाल यांचे हक्क त्यांच्या कर्त्याचे असं कायदा म्हणत होता, पण ते मागायला नोंद लागते, वकील लागतो, वसुली करणारी संस्था लागते. वीस वर्षांच्या पापीनच्या मुलीकडे यातलं काय होतं? शिवाय बर्न कराराचं, म्हणजे एका देशातल्या लेखनाला दुसऱ्या देशात संरक्षण देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचं, सभासदत्व जमैकानं 1994 मध्ये घेतलं.

यात रायली यांना खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे. आम्हाला ते पुरेसं वाटत नाही. ते ज्या पद्धतीनं वागले ती सगळ्या किंग्स्टनची पद्धत होती. खलनायक ठरवला की पद्धत सुटून जाते, आणि इतिहासात आपल्याला पद्धतच तर पाहायची असते.

त्याहून अवघड गोष्ट पुढे आहे. ज्या ढिल्या व्यवहारानं नॅन्सीला लुबाडलं, त्याच ढिल्या व्यवहारामुळे तिचं गाणं जन्माला येऊ शकलं. कल्पना करा, 1982 मध्ये किंग्स्टनमध्ये कडक कायदा असता. रिदिमसाठी कॉलिन्स यांची परवानगी, धृपदासाठी टूट्स यांची परवानगी, दोघांना पैसे. अल्बमची भरती करायला शेवटी केलेल्या एका गाण्यासाठी कोण एवढा उपद्व्याप करणार? ते गाणं झालंच नसतं. सगळ्यांनी सगळ्यांचं घेतलं म्हणून जमैकाच्या संगीतानं एवढी झेप घेतली. हे मान्य करूनच पुढे जावं लागतं. प्रश्न घेण्याचा नाहीच. प्रश्न हा की घेतलेल्यातून जेव्हा पैसा उभा राहिला, तेव्हा तो एकाच खिशात का गेला?

बँकेतली नोकरी

‘वन टू’नंतर नॅन्सीचं नाव झालं. रेगे सनस्प्लॅश या मोठ्या महोत्सवाच्या मंचावर ती गेली, परदेश दौरे केले. या दोन्ही गोष्टी करणारी ती पहिली स्त्री डीजे मानली जाते. यलोमन आणि पर्पलमन यांच्याबरोबर तिचा एक एकत्रित अल्बमही निघाला, निर्माते हेन्री ‘जुंजो’ लॉज. पण ‘बॅम बॅम’ हे जमैकात तेव्हा फारसं गाजलेलं गाणं नव्हतं. त्याचा बोलबाला बाहेर होत होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

दरम्यान अंगणातलं संगीतच बदललं. 1985 मध्ये वेन स्मिथ यांचं ‘अंडर मी स्लेंग टेंग’ आलं, निर्माते किंग जॅमी. त्यात ड्रम वाजवणाराही नाही आणि बास वाजवणाराही नाही. आहे कॅसिओचा एमटी-40 नावाचा छोटा कीबोर्ड, आणि त्यात कंपनीनंच भरून दिलेला एक ताल. वादकांची मजुरी वाचली. रिदिम आता एका बटणावर आला. हा भरून दिलेला ताल कोणी रचला होता? हिरोको ओकुडा या जपानी तरुणीनं. ती संगीत शिकलेली, रेगेवर प्रबंध लिहिलेली, कॅसिओत नव्यानं लागलेली. शेकडो जमैकन गाण्यांच्या तळाशी तिचं काम आहे, पण तिचं नाव जगाला कळायला बरीच वर्षं गेली. बघा, पुन्हा एक बाई, पुन्हा तळाचं काम, पुन्हा नाव गायब.

1996 मध्ये नॅन्सी अमेरिकेत न्यू जर्सीला गेली. तिथे तिनं बँकेत हिशेबनीस म्हणून नोकरी केली. जिच्या गाण्याचा हिशेब कुणी ठेवला नाही, ती दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब ठेवत होती. आणि तिथे, अमेरिकेत, तिला आपलं गाणं सगळीकडे ऐकू येऊ लागलं. 1998 मध्ये ‘बेली’ या चित्रपटात ते वाजलं. त्याच वर्षी लॉरिन हिल यांच्या ‘लॉस्ट वन्स’मध्ये त्याचा धागा होता.

हिपहॉपनं हे गाणं का उचललं? कारण नातं जुनं आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये 11 ऑगस्ट 1973 च्या ज्या पार्टीला हिपहॉपचा जन्मदिवस मानतात, ती भरवणारा कूल हर्क हा किंग्स्टनमध्ये जन्मलेला. मोठे स्पीकर आणि माईकवरचं बोलणं त्यानं लहानपणी तिथेच पाहिलेलं. तेव्हा ‘बॅम बॅम’ हिपहॉपमध्ये गेलं ते नातेवाइकांकडे गेल्यासारखंच. फरक इतकाच की या नातेवाइकांच्या घरी वकील होते. अमेरिकेत 1990 च्या दशकापासून दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरायचा तर परवानगी आणि पैसे असा रिवाज पक्का झाला. म्हणजे ‘बॅम बॅम’चे पैसे कुणीतरी भरत होतं, कुणाला तरी मिळतही होते. गाणारीला सोडून.

विन्स्टन रायली यांच्यावर नोव्हेंबर 2011 मध्ये गोळ्या झाडण्यात आल्या आणि जानेवारी 2012 मध्ये ते वारले. तो शेवट वाईट होता. आपल्या या कथेतल्या दोन माणसांचा अंत गोळीनं झाला, एकाचा पोलिसांच्या आणि दुसऱ्याचा अज्ञातांच्या. हे विसरून किंग्स्टनच्या संगीताचा इतिहास सांगता येत नाही.

2014 मध्ये रीबॉक या बूट कंपनीच्या जाहिरातीत ‘बॅम बॅम’ वाजलं. टीव्हीवर ते ऐकल्यावर नॅन्सीनं ठरवलं, आता पुरे. तिनं वकील गाठला. तिनं नंतर मुलाखतींत सांगितल्याप्रमाणे, तिला मागच्या दहा वर्षांची भरपाई मिळाली आणि ‘वन टू’ अल्बमच्या हक्कांत निम्मा वाटा. आधीच्या बावीस वर्षांचं काही नाही. गाणं झालं तेव्हा ती वीस वर्षांची होती, हक्क मिळाला तेव्हा बावन्न.

आणि तो योग्य वेळी मिळाला. 2016 मध्ये कान्ये वेस्ट यांच्या ‘फेमस’मध्ये हे गाणं वापरलं गेलं. 2017 मध्ये जे-झी यांनी डेमियन मार्ली यांना घेऊन ‘बॅम’ केलं, आणि त्याच्या चित्रफितीत नॅन्सी स्वतः दिसते. हे दोन वर्षं उशिरा झालं असतं किंवा तिनं वकील दोन वर्षं उशिरा गाठला असता, तर काय झालं असतं हे वेगळं सांगायला नको. 2024 मध्ये तिच्यावर अ‍ॅलिसन ड्यूक यांनी केलेला माहितीपटही आला.

हिशेब काय निघाला?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. ‘बॅम बॅम’ कोणाचं?

नोव्हेंबर 2018 मध्ये युनेस्कोनं जमैकाचं रेगे संगीत मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. वारसा म्हणजे सगळ्यांचं. दुसरीकडे अमेरिकेतला वकील म्हणतो, हे गाणं अमुक टक्के याचं, तमुक टक्के त्याचं. ही दोन उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं वाटतं. आम्हाला तसं वाटत नाही. ‘सगळ्यांचं’ हा शब्द निर्मितीच्या बाबतीत खरा आहे. कॉलिन्स यांचा ऑर्गन, टूट्स यांचं धृपद, रायली यांचा पैसा, एकोचा शब्द, भावाचा माईक, नाचणारी गर्दी, यातलं एक काढा, गाणं कोसळतं. पण कमाईची वेळ आली की ‘सगळ्यांचं’ हा शब्द फसवा होतो. तेव्हा त्याचा अर्थ होतो ‘ज्याच्याकडे कागद आहे त्याचं’. लोककलांच्या बाबतीत आपण ‘ही तर लोकांची कला’ असं कौतुकानं म्हणतो, तेव्हा त्या कौतुकाखाली एखाद्या बाईचा बुडालेला हिशेब तर दबलेला नाही ना, हे विचारायला हवं.

आणि नॅन्सीलाही निम्माच वाटा मिळाला, हे कोणी म्हणेल की अन्याय. आम्ही म्हणू, चार थरांच्या गाण्यात निम्मा वाटा वाईट नाही. अन्याय आहे तो त्या बावीस वर्षांचा, जी कुठल्याही कागदानं परत येत नाहीत.

पण पैशाबरोबर आणखी एक हिशेब आहे, तोही मांडला पाहिजे. नॅन्सीनंतर डान्सहॉलमध्ये स्त्रिया आल्या, त्या दाराशी तिकिटं विकायला नाही, माईक घ्यायला. लेडी सॉ हिला 2004 मध्ये नो डाऊट या गटाबरोबरच्या गाण्यासाठी ग्रॅमी मिळालं. नॅन्सी जिथे ‘स्लॅकनेस’ला नकार देऊन उभी राहिली, तिथे लेडी सॉ ‘स्लॅकनेस’ पुरुषांच्याच हातातून काढून घेऊन उभी राहिली. मार्ग उलटे, पण अंगण तेच. 2020 मध्ये कॉफी या तरुणीला सर्वोत्तम रेगे अल्बमचं ग्रॅमी मिळालं, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि हा पुरस्कार एकटीनं घेणारी पहिली स्त्री ठरली. 1982 मध्ये एका मुलीनं शेवटचं भरतीचं गाणं म्हणून जे म्हटलं, त्याची ही बेरीज.

तर मंडळी, पुढच्या वेळी लग्नात, हॉटेलात किंवा एखाद्या रीलवर हे धृपद कानावर पडलं, तर ते जरूर गुणगुणा. फक्त थोडं थांबून तळाचा बासही ऐका. तिथे 1845 पासूनचं बरंच काही वाजतंय.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर आता विचारा, वेळ आहे.